जागा काशीमावशीची

घर बांधून झालं आणि उमेश भोयेच्या लक्षात आलं, की आता आपल्याला खोटं बोलायला जागाच उरली नाही.

भाड्यानं राहत होता तेव्हा ती सोय फार चांगली होती. जव्हारला सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागल्यापासून तो काशीमावशीच्या मागच्या दोन खोल्यांत राहिला. त्याचं गाव दूर डोंगरात, वांगणी-वावरच्या बाजूला. तिकडच्या माणसाला दवाखाना, बाजार, कचेरी, काहीही म्हटलं तरी जव्हार गाठावंच लागे. काम झालं की एस.टी. चुके, एस.टी. चुकली की मुक्काम, आणि मुक्काम म्हटलं की उमेश. पण उमेशनं पहिल्याच वर्षी त्यावर औषध शोधून ठेवलं होतं.

"राहा की, माझी काय ना नाही," तो तोंड पाडून म्हणायचा. "पण मालकीण फार कडक. पाहुणा दिसला की सामान रस्त्यावर फेकते."

पाहुणे हळहळत, चहा पिऊन परत डेपोवर जाऊन बसत. आणि वर्षागणिक काशीमावशीचा कडकपणा वाढत गेला. एका वर्षी तिनं पाहुण्यांच्या अंगावर कुत्रं सोडलं. पुढच्या वर्षी तर तिनं उमेशच्या आईला भर पावसात बाहेर काढलं. गावाकडं रडणाऱ्या पोरांना काशीबाईचं नाव सांगून गप्प करण्यापर्यंत मजल गेली होती.

खरी काशीमावशी म्हणजे लोण्याचा गोळा. नवरा लवकर गेलेला, मुलगी नाशिकला दिलेली. घरात खुरासणीची चटणी कुटली की पहिली वाटी भाडेकरूच्या दारात. तिच्याकडं कुत्रं नव्हतंच. तिला एकच कोडं पडे. "उमेश, तुझ्याकडं कुनीच कसं येत नाय रं? गावाशी भांडन हाय का काय?"

अशा सुखात दिवस चालले होते. पण कचेरीतल्या सगळ्यांची घरं झाली, तसं उमेशलाही वाटू लागलं, की आपलं स्वतःचं घर हवं. मोखाडा रस्त्याला गावाबाहेर त्यानं जागा घेतली, वर स्लॅब टाकला, बैठकीच्या खोलीला पिस्त्याच्या रंगाचा ऑइलपेंट दिला. वास्तुपूजनाला सगळं गाव लोटलं. जेवणं झाली. निघताना प्रत्येकाच्या हातात नारळ देत, अंगात नव्या मालकीची झिंग असलेला उमेश म्हणाला, "येत राहा. आता आपलंच घर आहे. कुणाला विचारायचं नाही."

त्याची बायको मंजुषा मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "अहो, काय बोललात ते कळलं का?"

त्याला कळलं ते पुढच्या आठवड्यात. सकाळी फाटक वाजलं. बाहेर ढवळूमामा. एका खांद्याला पिशवी, दुसऱ्या हातात पाय बांधलेला कोंबडा.

"दातांची कवळी बसवायला आलोय," मामा बोळकं पसरून हसला. "म्हनलं, भाच्याचं सोताचं घर झालं. आता त्या बाईची भीती नाय."

कवळी करणारा दर खेपेला 'पुढच्या सोमवारी या' म्हणायचा. मामाला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. तेवढ्यात लाडकीआत्या आली. तिचं काम आदिवासी प्रकल्पाच्या कचेरीत. तिथले साहेब दौऱ्यावर होते आणि दौरा संपायचं नाव घेत नव्हता. मग मामाची धाकटी मुलगी वर्षा आली. ती डी.एड.ला होती आणि तिचे सराव पाठ तोंडावर आले होते. सरावाला विद्यार्थी हवेत म्हणून तिनं शेजारपाजारची पोरं गोळा करून बैठकीच्या खोलीत शाळा भरवली. पोरं पिस्त्याच्या रंगाला टेकून बसत. भिंतीवर डोक्यांच्या तेलाची एक रांग उमटली, मोठ्या पोरांची वर, बारक्यांची खाली.

उन्हाळा तोंडावर आला होता. टाकी सकाळी भरली की नऊला ठणठणाट. उमेश स्वतःच्या संडासाबाहेर टमरेल घेऊन उभा राही आणि आतून आत्या ओरडे, "थांब रं जरा, कोन हाय?"

"मी आहे आत्या, उमेश."

"मग थांब की. तू तं घरचाच."

कोंबडा कापायचा म्हणून आणला होता. पण मामाला दात नसल्यामुळे त्यानं तो कवळी बसेपर्यंत राखून ठेवला. कोंबड्याला स्लॅब फार आवडला. उकाड्यामुळे उमेश गच्चीवर झोपे. पहाटे कोंबडा त्याच्या उशाशी येऊन छाती फुगवून आरवे.

शेवटी एके दिवशी उमेश कचेरीत दुपारच्या डब्यावर बसल्या बसल्या झोपला आणि जागा झाला तो एक युक्ती घेऊनच.

संध्याकाळी भाकरी खाताना तो मोठा सुस्कारा टाकून म्हणाला, "आज काशीमावशी भेटली होती. रागावलीय."

"तिचा काय संबंध आता?" मामानं विचारलं.

"जागा तिचीच ना. भिंती माझ्या, पण खालची जमीन तिची. देतानाच तिनं अट घातली होती, घरात आम्हा नवराबायकोशिवाय कुणी मुक्कामाला दिसता कामा नये."

मंजुषाच्या हातातला पळा वरणात पडला. आत्यानं गालावर हात ठेवला. "अगं बाय! म्हंजे सोताचं घर बांधून बी तिच्याच तावडीत?"

"काय करणार," उमेश खाली मान घालून म्हणाला. "नशीब."

त्याला वाटलं होतं, सकाळच्या गाडीनं सगळे हलतील. पण ढवळूमामा गावचा पंच होता. गावातली बांधाची भांडणं तोच मिटवी. त्यानं ताट बाजूला सारलं.

"बोलव तिला. मी बोलतो. बाई असली म्हनून काय झालं, मानसासारखी अट घालावी."

"नको मामा, फार तोंडाळ आहे."

"मग मीच जातो तिच्या घरी. पत्ता ठाव हाय मला."

मामा तिकडं गेला तर पहिल्या चहातच सगळं उघडं पडणार. त्यापेक्षा तिलाच पढवून इकडं आणलेली बरी. दुसऱ्या दिवशी कचेरीतून परस्पर तो काशीमावशीकडं गेला.

"मावशी, एक काम आहे. आमच्याकडं यायचं आणि जरा रागवायचं."

"कुनावर?"

"पाहुण्यांवर. जागा माझी हाय, निघा इथून, एवढंच म्हणायचं. बाकी काही बोलायचं नाही."

"जागा माझी कुठं हाय?"

"नाहीच. पण तसं म्हणायचं."

मावशीनं थोडा विचार केला. घर रिकामं झाल्यापासून तिला तसा उद्योग नव्हता. "मला रागवायला जमंल का रं?" एवढंच तिनं विचारलं आणि नवं लुगडं काढायला आत गेली.

ती आली तेव्हा बैठकीत सगळे ओळीनं बसले होते. वर्षानं पोरांना लवकर सोडलं होतं, पण पाढ्यांचा तक्ता अजून तिच्या हातातच होता. मावशी खुर्चीवर बसली, पाठ ताठ केली आणि उमेशकडं बघत पाठ केलेलं म्हणाली, "जागा माझी हाय."

"हाय ना, कोन नाय म्हनतो," मामानं हात जोडले. "पन बाय, जरा मानुसकी धरावी. तुमी आमच्या भनीला, याच्या आईला, भर पावसात बाहेर काढलंत."

मावशीची पाठ सैल झाली. "मी?"

"व्हय. तुमचा निरोप उमेशनं सांगितला तशी उघड्या पायानं डेपोवर गेली बिचारी."

उमेश घाईनं म्हणाला, "मामा, जुनं कशाला उकरता?"

"बोलू दे त्यांना," मावशी म्हणाली. "आनखी काय काय केलं मी?"

मग काय, आत्याला जोर आला. "कुत्रं सोडायला निघालात म्हनून उमेशनं माझ्या दादल्याला फाटकातूनच पळवलं! तेव्हापासून तो जव्हारला यायचं म्हनलं की धोतर आवळून धरतो."

"आणि मी बारावीच्या परीक्षेला आले होते," वर्षा म्हणाली, "तेव्हा तुम्ही माझी पुस्तकं गटारात टाकणार होतात म्हणून दादा मला घरी घेऊनच गेला नाही."

मावशी एकेकाचं ऐकत होती आणि प्रत्येक गुन्ह्यानंतर मान वळवून उमेशकडं बघत होती. उमेश छताचा पंखा बघत होता. तो बंद होता. मंजुषा तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. तिकडून भांडं पडल्याचा आवाज आला.

सगळं ऐकून झाल्यावर काशीमावशी पुन्हा ताठ बसली. या खेपेला तिला कुणी पढवायची गरज नव्हती.

"खरं हाय," ती म्हणाली. "लई वाईट वागले मी. पन तवा मला तुमची वळख नव्हती. हा उमेश कधी कुनाला माझ्यासमोर आनतच नव्हता. आता वळख झाली. जागा माझी हाय ना?"

"तुमचीच," सगळे म्हणाले.

"काय रं उमेश? कुनाची जागा?"

उमेश पुन्हा पंख्याकडं बघू लागला. "तुमची."

"मग ऐक. अट मी घातली, अट मीच मोडते. ज्याला जवर राहायचं तवर राहील. टाकी तू भरायची, नळाच्या भरवशावर नाय, विहिरीवरनं. ते म्हातारं मानूस खाली निजतं, त्याला तुझी खाट दे. आन पोरी, तुझा तो तक्ता हातात धरून का शिकवतेस? ठोक खिळा."

"ऑइलपेंट आहे मावशी!" उमेश कळवळला.

"भिंती तुझ्या ना? मग ठोकायचं काम बी तुझं. हातोडी आन."

मामानं डोळे पुसले. "देवमानूस हो. उगाच नावं ठेवतात लोक."

पुढचे दिवस काशीमावशी रोज सकाळी आपली जागा बघायला येऊ लागली. येताना चटणी आणी. कुंपणाशी बसून आत्याबरोबर नागलीच्या पापडांचं बोले, मामाबरोबर पावसाचे अंदाज बांधी, वर्षाच्या वर्गात मागच्या ओळीत बसून पाढे म्हणे. उमेश कावडीनं पाणी आणताना दिसला की सगळे त्याच्याकडं कौतुकानं बघत. "मालकीन चांगली मिळाली म्हनून टिकलाय."

मग मावशीनंच एकदा विषय काढला. तिच्या मागच्या दोन खोल्या उमेश गेल्यापासून रिकाम्या होत्या. अंगणात विहीर होती, डेपोही जवळ. "इथं याच्या खांद्याचं सालटं गेलं पानी वाहून," ती म्हणाली. "चला तिकडंच."

मंडळी त्याच दिवशी उठली. कोंबडासुद्धा गेला. उमेशनं स्वतः सामान पोचवलं, तेही धावत. घरी येऊन त्यानं दार लावलं, खाटेवर पाय पसरले आणि मोठ्यानं म्हणाला, "याला म्हणतात घर!" कुणी ओ दिली नाही. मंजुषा पाहुण्यांबरोबर तिकडं गेली होती ती जेवूनच आली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिकडं आज शेवग्याच्या शेंगांची भाजी आहे, तिकडं मामाची कवळी बसली आणि त्यानं पहिला पापड मोडला, तिकडं वर्षाला पाठात चांगले गुण पडले. उमेश कचेरीतून येई तेव्हा फाटकाला कडी असे. दुपारी कचेरीतले लोक विचारत, "काय भोये, घर कसंय?" तो म्हणे, "शांत आहे." आणि हे म्हणताना त्याला स्वतःलाच कसंसं होई. एवढ्या मोठ्या बैठकीत त्यानं बोललेलं त्यालाच परत ऐकू येत होतं.

एका संध्याकाळी तो सरळ डेपोवर गेला. वांगणीची गाडी लागली आणि तिच्यातून सोमीकाकू उतरली. उमेशनं धावत जाऊन तिच्या डोक्यावरची पाटी घेतली.

"काकू, चल घरी! चांगले आठ दिवस राहा."

काकू दचकली. उमेश भोये आपणहून पाहुणा मागतोय, हे तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नको रं पोरा. आमी सगळी आता काशीबायकडंच उतरतो. ढवळूनं गावात सांगितलंय, उमेशकडं कुनी जायचं नाय. जागा दुसऱ्याची, बिचाऱ्याला पानी वाहायला लागतं, खाट बी काढून घेतात."

"काकू, जागा माझीच आहे! घरही माझं. मी ते उगाच म्हटलं होतं."

बोलत बोलत ते काशीमावशीच्या अंगणात पोचले. तिथं पंगत बसत होती. उमेशनं पाटी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं, "ऐका सगळे. ती जागा माझी आहे. खरेदीखत माझ्या नावावर आहे. मावशी, सांगा ना यांना!"

आत्यानं मामाकडं पाहिलं. मामानं नव्या दातांतून चुकचुकाट केला. "मनाला लई लावून घेतलंय यानं."

काशीमावशीनं ताटात भाकरी वाढता वाढता मान डोलावली. "तुझीच हाय रं. कोन नाय म्हनतो?" आणि ढवळूमामाला जराशी डोळ्यानं खूण केली, की असं म्हणावं लागतं, नाहीतर माणूस खचतो.

मंजुषा त्याच्याकडं न बघता मीठ वाढत होती. तिचे खांदे हलत होते.

सोमीकाकूनं उमेशला हाताला धरून पाटावर बसवलं आणि त्याच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला.

"जेव पोरा. नोकरी हाय, वय हाय. होईल एक दिवस तुझं बी सोताचं घर."