बयजाबाईंची ओवाळणी आणि कापला गेलेला दहावा हिस्सा

श्रीगजानन आणि कुळस्वामी यांचे पायी मस्तक ठेवून, जे कानी आले ते हातचे न राखता लिहितो. उणे दिसेल ते श्रोत्यांनी पोटात घालावे. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, भाद्रपद मासी एके राज्यी वर्तमान जाहले ते ऐसे जे, फरासखान्याचे दरोगे अर्जोजीबावा कैलासवासी होऊन काही वर्षे लोटली होती आणि मागे त्यांचे कुटुंब बयजाबाई होत्या. बावांनी तंबू-गालिचे सांभाळता सांभाळता जे गाठीस बांधले ते राज्याचे सामाईक भांडारात ठेविले होते. या भांडारास टोपीकर म्युच्युअल फंड म्हणतात. रयतेने पैका एकत्र करावा आणि भांडाऱ्यांनी तो नाना कारखान्यांत घालावा आणि ज्याचे जितके वाटे तितका त्याचा धनीपणा, ऐसी रीत. तेथे मार्ग दोन. एक वृद्धीचा, म्हणजे नफा आतच मुरू द्यावा. दुसरा लाभांशाचा, म्हणजे भांडाऱ्यांचे मनास येईल तेव्हा त्यांनी काही वाटून द्यावे. बावांनी दुसरा धरिला होता.

मग बावांमागे जासूद अधूनमधून थैली घेऊन दारी येई, आणि बाई पाट मांडून त्यावर बावांची पगडी ठेवीत, निरांजन ओवाळीत, आणि थैली ताटात रिती करीत, आणि जात्यावर म्हणावे तैसे हळूच म्हणत,

पाडव्याची ओवाळणी, ताटी वाजे खणखण
धनी गेले दूर गावा, धाडीताती आठवण

पाडवा असो वा नसो, थैली आली तोच पाडवा. ते द्रव्य बाई नातवंडांस लुगडी-अंगरखे करण्यात खर्चीत, कारण ओवाळणी साठवून ठेवू नये ऐसे त्यांचे मत. पुत्र निंबाजी सर्व जाणून होता, परंतु आईचे तोंडावरील तेज पाहून त्याची जीभ रेटेना.

त्या भाद्रपदी थैली आली ती हलकी. जासूद बोलिला की सरकारने दहावा हिस्सा वरच्यावर कापून घेतला. बाईंनी त्यास गूळपाणी दिले आणि निंबाजीस संगे घेऊन तडक भांडाराचे कचेरीत गेल्या. तेथे कारकून रंगो त्रिमळ बसले होते. ते बावांचे स्नेही. बाई म्हणाल्या, "रंगोबा, नवऱ्याने बायकोस घातलेल्या ओवाळणीत हात घालणारे सरकार कोण?"

रंगोबांनी कलम खाली ठेविले आणि हळूहळू समजाविले की, वैनी, पूर्वी हा कर भांडारच परस्पर भरीत असे, म्हणोन आपणास कळत नसे. आता लाभांश ज्याचे हाती पडतो त्याचेच उत्पन्नात धरितात. ठरावीक रकमेपुढे गेला, जैसा यंदा प्रथम गेला, की दहावा हिस्सा आधी कापितात, आणि तो केवळ उचल होय; आपणास घरभाडे आहे, बावांमागे मिळते ते निवृत्तिवेतन आहे, ते सर्व एकत्र करून ज्या पायरीवर आपण बसाल त्या पायरीचा कर पुरा द्यावा लागेल. बाईंनी मान डोलाविली, परंतु उठल्या नाहीत. मग रंगोबा निंबाजीकडे पाहू लागले आणि निंबाजी छताकडे. शेवटी रंगोबाच बोलिले, "वैनी, दुसरेही आहे. थैली निघते त्या दिवशी तुमच्या वाट्याचा भाव तितकाच उतरतो. ही वरकड मिळकत नव्हे. तुमचेच तुम्हांस येते, आणि वर कर लागतो. दरबारानेसुद्धा लाभांश हे नाव पुसून 'उत्पन्नवाटप आणि मूळधनउपसा' ऐसे केले, ते याचसाठी."

निंबाजीस वाटले, आता आई रडेल. बाई पदर तोंडास लावून हसत होत्या.

"ओवाळणी दुसरी कसली असते रे? हे पाडव्याला माझ्याच डाळीच्या डब्यातले पैसे काढायचे आणि माझ्याच ताटात टाकायचे. मला ठाऊक, त्यांनाही ठाऊक. पण तेव्हा मधे सरकार नव्हते."

मग बाईंनी विचारिले की, वृद्धीचे मार्गी काय? रंगोबा म्हणाले, आत मुरते तोवर कर नाही. आपण काढाल तेव्हा काढिल्यातील नफ्यावर तेवढा कर, मूळ आपले ते आपले. मात्र मार्ग बदलणे हीच एक विक्री मानितात, त्या दिवशी नफा असेल तर त्यावर द्यावे लागेल. आणि भाव उतरल्यास भांडार भरून देत नाही, हेही ऐकून ठेवा. बाई म्हणाल्या, "एकदाच द्यावे लागेल ना? देऊ. आणि वर्षाला किती काढायचे ते मी सांगेन. भांडाऱ्यांच्या लहरीवर माझा पाडवा नको."

येणेप्रमाणे मार्ग बदलला. कार्तिक शुद्ध प्रतिपदेस बाईंनी आपले हुकुमाने थोडके वाटे विकून द्रव्य आणविले, आणि ते प्रथम डाळीच्या डब्यात दडविले, आणि पगडी पाटावर ठेविली, आणि निरांजन लाविले, आणि स्वतःच डब्यात हात घालून काढिले आणि ताटात टाकिले. खणखण तैसीच वाजली. निंबाजी दाराआड उभा होता, तयास त्या बोलिल्या, "बघ, यंदा पगडी वाकडी करून हसतात."

तात्पर्य इतकेच जे, पैका आपलाच होता आणि माया बावांची होती. कर पैक्यास बसला, मायेस बसला नाही. इति वर्तमान.