वीत कोणाची?

कडू सरांची बायको लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने म्हणून नाशिकला गेली, त्याला आता सात महिने झाले होते. बाळ पालथं पडलं, बसायला लागलं, त्याला दात येऊ लागले, आणि इकडे सिंधीपुऱ्यात सर रोज मुगाची खिचडी खात होते. रविवारी बदल म्हणून तुरीची.

दिगंबर कडू हे निवृत्त गणिताचे मास्तर. आडनाव कडू आणि विषय गणित, त्यामुळे मुलांना त्यांचं वेगळं टोपणनाव ठेवावं लागलं नव्हतं. उत्तर बरोबर असलं तरी एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा मार्क कापणारा हा माणूस. पण मनातली गोष्ट तोंडावर आणायची वेळ आली की सरांची पाटी कोरी. बायकोची आठवण आली की ते फोन लावायचे आणि म्हणायचे, "कढीपत्ता सुकून ऱ्हायला."

"मग पाणी घाला ना," रजनीबाई तिकडून म्हणायच्या.

"घातलं."

"मग?"

"मग काही नाही. ठेवतो."

सरांच्या मते यात सगळं आलं होतं. एकदा मात्र ते धीर करून थोडे पुढे गेले. "कधी येणार आहेस?"

"बघते. बाळ सोडत नाही. आणि येऊन करू काय? तुमच्या त्या अंधाऱ्या सैपाकघरात दिवसा लाइट लावावा लागतो. परसात नवं करून देतो, नवं करून देतो, असं किती वर्षं चाललंय? वहीत सगळं काढून ठेवलंय मी. उघडून तरी पाहिली का?"

फोन ठेवल्यावर सरांनी समीकरण मांडलं. नवं स्वयंपाकघर झालं की रजनी येईल. स्वयंपाकघर होत नाही म्हणून रजनी येत नाही. इतकं सोपं गणित आपल्याला सात महिने सुटलं नाही याची त्यांना लाज वाटली, आणि त्यांनी फळीवरची वही काढली.

वही चौकोनी घरांची होती, शाळेतल्या गणिताच्या वहीसारखी. रजनीबाईंनी पेन्सिलीनं स्वयंपाकघर काढलं होतं. ओटा कुठे, मोरी कुठे, डब्यांची फळी कुठे, सगळं. शेजारच्या भागाबाईंशी बोलायला खिडकी होती आणि तिच्यापुढे 'भागाबाई' असंच लिहिलं होतं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात टीप होती : एक घर बरोबर एक वीत. सरांनी ती टीप वाचली आणि त्यांना बायकोचा अभिमान वाटला. एकक लिहायला ती विसरली नव्हती.

वही घेऊन सर निशाच्या ऑफिसात गेले. निशा त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता ती कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढायची. तिनं वहीच्या पानांचे फोटो काढले, वाकडे आलेले सरळ केले आणि त्यांच्यावरून रेघा ओढत बसली.

"सर, आता एक खरी लांबी सांगा," ती म्हणाली. "कोणती पण एक. फोटोला स्वतःचं माप नसतं ना. एक पक्की लांबी दिली की बाकी सगळा नक्शा तिच्या हिशेबानं लहानमोठा होतो."

"एक घर, एक वीत. लिहिलंय ना तिनं."

"वीत मतलब किती?"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "निशा, आठवीत शिकवलं होतं. बारा अंगुळं, नऊ इंच."

निशानं निमूटपणे नऊ इंच टाकले. पडद्यावर रेघांच्या भिंती उभ्या राहिल्या, छत आलं, ओट्यावर काळा ग्रॅनाइट चढला. निशानं माउस फिरवला तसं स्वयंपाकघर स्वतःभोवती फिरू लागलं. सर खुर्चीच्या काठावर आले. इतकी वर्षं पेन्सिलीत अडकलेली बायकोची हौस त्यांना पहिल्यांदाच अशी उभी दिसत होती.

"यात माणूस दाखवता येतो का?" त्यांनी विचारलं.

निशानं एक बाई आणून ओट्याशी उभी केली. बाई गोरी, केस कापलेले, पँट घातलेली, कमरेवर हात.

"ही कोण?"

"सॉफ्टवेअरमधली आहे सर. माणसाच्या मानानं खोली केवढी दिसते ते कळायला असते."

"साडीतली नाही का?"

"साडीतली नाही येत."

बाई ओट्याशी ठीक दिसत होती. निशा मात्र जरा चुळबुळली. "सर, ओटा तीन फूट साडेचार इंच येतोय. जरा हाय नाही वाटत?"

"साडेचार घरं गुणिले नऊ. साडेचाळीस इंच. बरोबर आहे. गणिताला काय वाटतं ते महत्त्वाचं, तुला काय वाटतं ते नाही."

निशानं प्रिंट काढून दिली. आठवीतली सवय, सरांसमोर ती अजूनही जास्त बोलत नसे.

लोटू मिस्त्रीनं प्रिंट पाहिली आणि परसात चुन्याची फक्की टाकून आखणी केली. आखणी धुण्याच्या दगडावरून गेली. दगड हलवला. दगड हलला म्हणून नळ हलवावा लागला. नळ हलला तशी नालीही वळवावी लागली, आणि वळवलेली नाली भागाबाईंच्या दारापुढून निघाली. भागाबाईंचा बांगड्यांचा धंदा होता आणि आवाज धंद्याला साजेसा होता. त्या दोन दिवस बोलल्या. सरांनी दोन्ही दिवस मान डोलावली, कारण रजनी येणार होती आणि त्यापुढे नाली म्हणजे काहीच नव्हतं.

"सर," लोटू ओटा बांधताना म्हणाला, "ओटा लय उच्चा होई ऱ्हायना. वहिनीले पुरई का?"

"कागदावर काय आहे?"

"कागदवर तर हाईच शे."

"मग झालं. कॉम्प्युटरनं काढलंय ते."

महिन्याभरात स्वयंपाकघर झालं. सरांनी ओट्याशी उभं राहून स्वतः चहा केला. सरांची उंची पावणेसहा फूट, त्यांना काहीच खटकलं नाही. त्यांनी पाच फोटो काढून नाशिकला पाठवले. 'कढीपत्ता' वगैरे काही न लिहिता नुसते फोटो पाठवण्याइतका त्यांचा आत्मविश्वास वाढला होता.

लगेच फोन आला. रजनीबाईंचा आवाज चक्क हळवा झाला होता. "अहो, छानच दिसतंय. तुम्ही एकट्यानं केलं हे सगळं? एक करा ना, ओट्याशी तुम्ही उभे ऱ्हा आणि एक फोटो पाठवा. तुम्हाला बघून पण लय दिवस झाले."

सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले आणि लोटूला फोटो काढायला लावला. फोटो गेला. पुन्हा फोन आला, आणि या वेळी आवाज हळवा नव्हता.

"हा ओटा आहे का भाषणाचं स्टेज? तुमच्या पोटाच्या वर आलाय तो! माझ्या कुठं येईल?"

"वहीतल्या मापानं केलाय. एक घर एक वीत. वीत म्हणजे नऊ इंच."

"कोणाची वीत?"

हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

"परसात वाकून वाकून मी मापलं. वही माझी, सैपाकघर माझं, मग वीत कोणाची राहील? चौतीस वर्षं झाली लग्नाला. माझा हात केवढा आहे हे तुम्हाला माहीत नाही?" मागे बाळ रडायला लागलं आणि फोन बंद झाला.

सर नव्या ओट्याला टेकले. चौतीस वर्षं त्या हातानं वाढलेलं जेवलो, त्या हातानं तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या, आणि तो हात आपल्या हातापुढे केवढा हे आपल्याला सांगता येऊ नये? त्यांनी आठवून पाहिलं. हात आठवत होता, माप आठवत नव्हतं. ती आता येणार नाही असं त्यांना वाटलं.

पण मास्तर हार मानणारे नव्हते. रजनीला न विचारता माप शोधायचं, चूक दुरुस्त करायची आणि मग फोन करायचा, असं त्यांनी ठरवलं. रजनीचा हात गावात सगळ्यात जास्त कोणी धरला असेल? सर तडक भागाबाईंकडे गेले.

"भागाबाई, आमच्या रजनीचा हात केवढा?"

भागाबाईंनी डोळासुद्धा वर केला नाही. "सव्वादोन."

"नक्की?"

"तीस साल झाले बांगड्या भरून ऱ्हायली मी तिला. नींदमध्ये पण भरीन."

सर विजयी मुद्रेनं निशाकडे पोचले. "सव्वादोन टाक. तीस वर्षांच्या अनुभवाचं माप आहे."

सर सांगतात म्हणजे असेल, असं म्हणून निशानं सव्वादोन टाकलं. पडद्यावरचं स्वयंपाकघर सुर्रकन आकसलं. गोऱ्या बाईचे कमरेवरचे हात भिंतींच्या बाहेर आले आणि मुंडकं छत फोडून वर निघालं.

"सर, हे तर कोंबड्यांचं खुराडं झालं. हे सव्वादोन आहे कशाचं?"

"बांगडीचं," सर म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं.

निशानं हसू दाबलं. "सर, त्यांनाच विचारा ना. व्हिडिओ कॉल लावा."

दुसरा उपाय नव्हता. पलीकडे अमृतानं, सरांच्या लेकीनं, फोन आईसमोर धरला. रजनीबाईंच्या कडेवर बाळ होतं.

"रजनी, तुझी वीत दाखव," सर म्हणाले.

रजनीबाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाळ अमृताकडे दिलं आणि पंजा ताणून समोर धरला. फोनभर हात झाला. नखांना हळद होती. अंगठ्याजवळ तव्याचा जुना चटका होता. सरांनी निशाची पट्टी घेतली आणि फोनवर ठेवली.

"लिही निशा. अडीच इंच."

"सर, फोनमधल्या हाताला माप नसतं," निशा हळूच म्हणाली. "काकूंनी हात पुढे आणला तर मोठा दिसेल, मागे नेला तर लहान."

सरांनी पट्टी खाली ठेवली. "मग इथंच पाहिजे," ते स्वतःशीच पुटपुटले.

"काय म्हणाले?" तिकडून आवाज आला.

"काही नाही. म्हटलं, हात इथं पाहिजे."

"नुसता हात?"

सरांनी निशाकडे पाहिलं. निशा पडद्यावरच्या गोऱ्या बाईकडे एकाग्रतेनं बघू लागली होती.

"तू पाहिजेस," सर म्हणाले. "आठ महिने झाले. करमत नाही मला. घरात आवाज नाही. खिचडीला चव नाही. ये तू."

फोनमधला हात खाली झाला आणि रजनीबाईंचा चेहरा दिसला.

"अमृताकडे टेप नाही," रजनीबाई म्हणाल्या. "टेपशिवाय कसं माप सांगू? मलाच यावं लागेल."

चौथ्या दिवशी सर स्टेशनवर एक तास आधी पोचले आणि गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. रजनीबाई उतरल्या. "वाळलात," त्या म्हणाल्या. "हो," सर म्हणाले. रिक्षात दोघं बाळाविषयी बोलले.

घरी आल्यावर रजनीबाई पाणीसुद्धा न पिता थेट नव्या स्वयंपाकघरात गेल्या. ओटा त्यांच्या छातीला लागला. डब्यांच्या फळीकडे त्यांनी मान मागे टाकून पाहिलं, जसं देवळाच्या कळसाकडे पाहतात. मग चवड्यांवर उभं राहून त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवला. खिडकीतून भागाबाईंना फक्त बांगड्या दिसल्या, पण माणूस त्यांनी बरोबर ओळखलं. "आली का गं रजनी?" असा जो आवाज आला तो चार घरं ऐकू गेला.

"फोडा," रजनीबाईंनी निकाल दिला. "ओटा, फळी, खिडकी, सगळं परत."

लोटू छिन्नी-हातोडा घेऊन आला. निशा टेप आणि लॅपटॉप घेऊन आली. रजनीबाई पाटावर बसल्या, सर त्यांच्यासमोर बसले. लॅपटॉप उघडेपर्यंत सरांचा फोन वाजला. अमृताचा मेसेज होता.

'बाबा, आई नीट पोचली ना? एक सांगू का? आईची वीत सात इंच आहे. त्याच दिवशी शेजारून टेप आणून मोजली होती. मी तुम्हाला लिहीत होते तर आईनं फोनच हिसकावला. म्हणाली, माप कळवलंस तर मी कोणत्या निमित्तानं जाऊ? तिला तीन महिन्यांपासून यायचं होतं. तुम्ही कधी म्हटलंच नाही.'

सरांनी मेसेज दोनदा वाचला. फोन खिशात ठेवला. मग रजनीबाईंचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला, बोटं एकेक करून सरळ केली, आणि अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत टेप लावली. काटेकोर सात इंच. ना सूतभर कमी, ना सूतभर जास्त.

"किती सर?" निशानं विचारलं. "टाकू?"

अर्ध्या मार्कासाठी तीन पिढ्यांना रडवलेल्या कडू सरांनी टेपकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि म्हणाले, "सातच्या आसपास वाटतंय. पण नक्की सांगता येत नाही. परत मोजावं लागेल."

"हो, मोजा नीट," रजनीबाई निशाकडे बघत म्हणाल्या. "मागच्यासारखा घोटाळा नको व्हायला." आणि त्यांनी दुसराही हात पुढे केला.