बाबलची बर्फगाडी आणि एक दाखला

बाबल तांडेलाची गोष्ट लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कारणं सापडत गेली. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, नातीचं लग्न निघालं, मग हात कापायला लागला. खरं कारण एकच. ही गोष्ट मालवणात सगळे सांगतात, लग्नाच्या पंगतीत सांगून हसतात, आणि तिच्यात एक गोष्ट खोटी आहे. ते खोटं माझ्यामुळे चाललं. बाबलला जाऊन आता वर्ष होईल. माझाही काही भरवसा नाही. म्हणून लिहितो.

बाबल दिसेल तो कागद प्लास्टिकमध्ये बंद करायचा. इथून सुरुवात केली की ऐकणारा लगेच हसतो, पण मालवणाजवळच्या देवबागेत राहून बघा. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये वाळूची पट्टी. तिथे खाऱ्या हवेने कागद पापडासारखा सादळतो, आणि त्यातून वाचलाच तर वाळवी असते. बाबलने तीस वर्षं परदेशी बोटींच्या इंजिनात काढली. कायमचा घरी आला तेव्हा बरोबर लॅमिनेशनचं यंत्र घेऊन आला. रेशनकार्ड, विजेची बिलं, लग्नपत्रिका, पंचायतीच्या नोटिसा, सगळं त्यातून काढलं. वर प्रत्येक कागदाचे चारी कोपरे कात्रीने गोल कापायचा. "टोक हाताक लागता," म्हणायचा. "कागद जितो रवाक व्हयो, अण्णा. माणूस काय, मरताच."

सुरुवातीला त्याने बायकोच्या औषधाची चिठ्ठीही बंद केली आणि औषधवाल्याला तिच्यावर लिहिता येईना. तेव्हा मी त्याला झापलं होतं. मी सरकारी कचेरीतला हेडक्लार्क, शिक्के मारण्यात जन्म गेला. म्हटलं, "बाबल, आधी शिक्का, मग प्लास्टिक. हा क्रम चुकवू नको." त्याने तो धडा देवाच्या आरतीसारखा पाठ केला. तेव्हापासून कुठलाही कागद यंत्रात घालण्याआधी तो उलटसुलट करून बघायचा आणि पुटपुटायचा, "आदी शिक्को, मगे प्लास्टिक."

हे वाक्य लक्षात ठेवा. पंगतीत गोष्ट सांगणारे हे वाक्य सांगत नाहीत.

सुमतीवहिनींना, म्हणजे बाबलच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. त्या पडवीत खुर्चीवर बसून असत. बाबल बोटीवर असताना ही बाई रोज संध्याकाळी चालत पट्टीच्या टोकापर्यंत, खाडी समुद्राला मिळते तिथवर जायची. तो वर्षभर येणार नाही हे माहीत असूनही जायची. आता तो घरी होता आणि हिचे पाय गेले होते. दोघं मिळून त्या टोकावर एकदाही गेलेली नव्हती. चाकाची खुर्ची वाळूत रुतायची. रापणीवरचे, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे गडी म्हणाले, आम्ही खुर्चीसकट उचलून नेतो. वहिनी म्हणाल्या, "चौघांनी उचलूचा ता एकदाच. तेची घाय माका नाय."

महिना गेला. मग एक दिवस बाबल एसटीने मालवणात माझ्याकडे आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "अण्णा, बर्फ नि वाळू एकाच आवशीची पोरां. चाक रुतता. पट्टो रुतत नाय."

उत्तरेकडच्या बंदरांत त्याने बर्फावरच्या गाड्या पाहिल्या होत्या. पुढे दोन लाकडी फळ्यांसारख्या पट्ट्या, मागे रबरी पट्टा, वर मोटरसायकलसारखी सीट. तशी एक जुनी गाडी गोव्यात पर्यटकांसाठी काढलेल्या एका खोट्या बर्फाच्या हॉलमध्ये होती. हॉल बंद पडला आणि मालकाने सामान विकायला काढलं. बाबलने ती गाडी घेतली, टेम्पोत घातली, आणि टेम्पो गोव्याच्या सीमेवरच्या बांद्याच्या नाक्यावरून परत फिरला. "ही काय वस्तू आहे त्याचा कागद आणा," असं सांगितलं गेलं. गाडी सीमेपलीकडे एका ओळखीच्याच्या काजूच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली राहिली, आणि बाहेरगावच्या गाडी-नोंदणीच्या ऑफिसात आमच्या फेऱ्या सुरू झाल्या.

बाबल ऑफिसात शुद्ध बोलायचा.

"चाकं किती?" माझ्या जुन्या कचेरीच्या बाजूलाच असलेल्या त्या ऑफिसातल्या बाईंनी विचारलं.

"चाके नाहीत, बाईसाहेब. पट्टा आहे, व पुढे दोन फळ्या आहेत."

"मग ही गाडी नाही."

"बरे. मग जाऊ द्या."

"जाऊ कशी देऊ? इंजिन आहे ना तिला? पाण्यात चालते?"

"बुडते."

"संगणक शून्य चाकं घेत नाही हो काका. निदान एक तरी सांगा."

"एक चाक कसे सांगू? खोटे होईल."

बाई हसल्या, मीही हसलो. पण वैशाख चालू होता. मृग लागला की देवबागचा किनारा राहत नाही, समुद्र घरांच्या पायऱ्यांपर्यंत येतो. आणि डॉक्टरांनी बाबलला बाजूला घेऊन सांगितलं होतं की दुसरा झटका कधी येईल ते सांगता येत नाही. बाबल पडवीत वेताच्या खुर्चीची पाठ कापून सीटला बांधायच्या मापाची करत बसायचा. वहिनी म्हणायच्या, "गाडयेचो पत्तो नाय नि पाठ तयार." तो म्हणायचा, "पाठ तयार असली की गाडी येता."

शेवटी बाईंनीच मार्ग काढला. 'वापरलेले परदेशी यंत्र' म्हणून नोंद करायची. त्यासाठी गोव्याकडून मूळ ना हरकत दाखला आणायचा, मुदत तीस दिवस. मुदतीत इथे दाखवला की गाडी मोकळी. बाबल चार वेळा सीमा ओलांडून तो दाखला घेऊन आला. अर्ज मी लिहिणार होतो, म्हणून दाखला माझ्याकडे ठेवला. जाताना दोनदा मागे वळला. "अण्णा, जपून ठेव हां. कागद हवा खाता."

आता माझी गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी वळवाची सर आली. दाखला खिडकीजवळच्या टेबलावर होता. एका कडेला पाणी लागलं आणि सहीची शाई पसरू लागली. मी रुमालाने टिपलं, पंख्याखाली धरला. तीस वर्षं कागद हाताळले, पण त्या दिवशी मला एकच उपाय आठवला, ज्याला मी इतकी वर्षं हसलो तो. छत्री घेतली आणि स्टँडजवळच्या दुकानात जाऊन दाखला प्लास्टिकमध्ये बंद करून आणला. शिक्का अर्जावर बसेल असं मी मनाशी धरून चाललो. मी, हेडक्लार्क.

मुदत संपायला सहा दिवस होते तेव्हा आम्ही दोघं ऑफिसात गेलो; दाखला माझ्या फाईलमध्ये होता. बाईंनी फाईल उघडली, दाखला उलटा केला आणि थांबल्या. "शेरा आणि गोल शिक्का ह्याच्याच पाठीवर लागतो."

त्यांनी तरी शिक्का मारून पाहिला. शाई प्लास्टिकवरून घसरली आणि त्यांच्या अंगठ्याला लागली. शिपायाने ब्लेडने कड सोडवली. प्लास्टिक निघालं, आणि त्याला चिकटून सहीही निघाली.

"काका, हे कुणी केलं?" बाईंनी आम्हा दोघांकडे बघत विचारलं.

त्या ऑफिसात मला अजून 'साहेब' म्हणून खुर्ची द्यायचे. टेबलापलीकडच्या एका ओळखीच्या कारकुनाने हसून म्हटलं, "कुणी म्हणजे? हे देवबागचे तांडेल ना? हे जेवणाचं पानसुद्धा लॅमिनेट करतात." सगळे हसले. मी होकारार्थी मान हलवली. तेवढंच केलं.

बाबलने तो सोललेला कागद हातात घेतला. सुटलेल्या प्लास्टिकच्या कोपऱ्यावरून एकदा अंगठा फिरवला. कोपरा टोकदार होता. दुकानवाला गोल कापत नाही.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बाईंना म्हणाला, "होय, बाईसाहेब. माझीच सवय आहे."

परत येताना एसटीत तो खिडकीकडे बसला होता. कुडाळ गेल्यावर म्हणाला, "पाऊस लवकर येतलो अवंदा."

नवा दाखला निघायला हॉलच्या मालकाची सही हवी होती, आणि मालक हॉल विकून कुठे गेला ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्याला शोधण्यात पावसाळा गेला. बाबल दर सोमवारी सीमेपलीकडे जायचा आणि शेडमधल्या गाडीचं इंजिन पाच मिनिटं चालवून यायचा. वहिनी गौरी गेल्यावर आठ दिवसांनी गेल्या. चौघांनी उचललं.

मालक शेवटी सापडला, नवा दाखला निघाला, आणि गाडी दिवाळीत आली. बर्फाशिवाय ती तापते, म्हणून शंभर पावलं चालवायची, थांबायचं, बादलीने पाणी ओतायचं, पुन्हा शंभर पावलं. पर्यटक फोटो काढायचे, सीटवर बसू द्या म्हणायचे. मागच्या सीटला वेताची पाठ बांधलेली होती, तिथे तो कुणाला बसू देत नसे. "ती जागा दिलेली आसा," म्हणायचा. रोज संध्याकाळी तो टोकापर्यंत जायचा आणि इंजिन निवेपर्यंत तिथे बसायचा.

आणि मालवणात गोष्ट तयार झाली. प्लास्टिकच्या वेडापायी बाबल तांडेलाने स्वतःच्या हाताने दाखला घालवला, आणि बायको टोक न बघता गेली. मी ती किती पंगतीत ऐकली ते मोजलं नाही. दोनदा हसलोही.

त्याच्या शेवटच्या हिवाळ्यात मी धीर केला. बोलणं जमणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून तीन पानं लिहिली. सगळं लिहिलं, दुकानासकट. पाकिटात घातली, चिकटवलं आणि देवबागेत गेलो.

बाबलने पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं. "काय ता?"

"तुझ्यासाठी आहे. वाच."

"चष्मो खंय गेलो कोण जाणे," तो म्हणाला. चष्मा त्याच्या कपाळावर होता.

मग तो उठला आणि यंत्राचं बटण दाबलं. ते तापायला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांत मी सांगू शकलो असतो. आम्ही बांगड्याबद्दल बोललो. यंदा बांगडा बारीक येतो असं तो म्हणाला, आणि मी म्हटलं, हो, बारीक येतो.

पाकीट जाड होतं, मध्ये अडकलं. त्याने ते मागे घेऊन पुन्हा सारलं. बाहेर आल्यावर हातावर धरून थंड केलं, कात्री घेतली, आणि चारी कोपरे सावकाश, गोल कापले.

"घे, हात फिरव," तो म्हणाला. "खंयच लागाचा नाय."

मी हात फिरवला. त्याने पाकीट परत घेतलं आणि वहिनींच्या कागदांच्या फाईलमध्ये, अगदी शेवटी ठेवलं. न उघडलेलं. मग आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.