मर्व डगनच्या बियरमधला बेपत्ता कडवटपणा

विश्वास ठेवणारा कुणी भेटणार नाही हे धरूनच सांगतो: आमच्या डर्वेंट खोऱ्यात एका लग्नात पाहुण्यांनी करवतीने कापलेली बियर खाल्ली.

दोष मर्व डगनचा नव्हता. लेकीच्या, म्हणजे शोनाच्या लग्नात पाहुण्यांना आपल्या हातची बियर पाजीन, असा शब्द तो देऊन बसला होता. पण गावच्या सभागृहात घरची बियर वाटायची तर गृहबियर मंडळाची परवानगी लागते. लग्न महिन्यावर आलं तसा मर्वने शेडमध्ये जवाचा गोड काढा उकळला, त्यात हॉप्सची कडू फुलं टाकली, गाळून घेतला आणि यीस्ट घालण्यापूर्वी नियमाप्रमाणे मंडळाला बोलावलं.

अध्यक्ष लॉरी पिंबल यांनी घोट घेतला नाही. गणित केलं.

"मर्व, फुलांतल्या कडवटपणाचा जेमतेम चौथा हिस्सा काढ्यात उतरलाय. बाकीचा कुठंय?"

"अरे लॉरी, सगळा कधी उतरतो का? थोडा गाळात जातो, थोडा फेसात, थोडा भांड्याला चिकटतो. सगळ्यांचंच असं होतं."

"सगळ्यांचं होतं हा खुलासा नाही, मित्रा. तो आणखी गंभीर आरोप आहे."

प्रकरण उपसमितीकडे गेलं. कडवटपणा वाफेवर बसून शेजारच्या नोरीनच्या वाळत घातलेल्या चादरींकडे पळाला असावा, असा संशय आला. तीन सदस्यांनी चादरी चाटल्या आणि 'साबणयुक्त, किंचित कडू' असा एकमताने शेरा मारला. गाळलेली फुलं कोंबड्यांपुढे टाकली होती. ती त्यांच्या चोचीतून काढून परत पातेल्यात घालण्यात आली. तरी हिशेब जुळेना.

मग कुणाला तरी आठवलं की जास्त उकळलं की कडवटपणा जास्त उतरतो. पातेलं पुन्हा चढलं. पण पाणी आटून काढा दाट झाला, आणि दाट काढ्यात कडवटपणा कमी उतरतो. कडवटपणा उतरण्याचा दर घसरला. घसरलेला दर सावरायला आणखी उकळणं भाग होतं. त्यामुळे काढा आणखी दाट झाला. मंडळ मागे हटलं नाही.

शेवटी पातेल्यात काळी, चकचकीत लादी उरली. लॉरीने ती चमच्याने वाजवून पाहिली.

"गाळ नाही, फेस नाही. बाहेर काही गेलंच नाही. शंभर टक्के! अभिनंदन, मर्व. परवानगी मंजूर."

"अरे, पण लोकांनी प्यायचं काय?"

"तो विषय आमच्या कक्षेत येत नाही."

नवी बियर मुरायला आता वेळ नव्हता. लग्नात मर्वने कोट काढला, करवत घेतली आणि लादीच्या वड्या पाडल्या. शोनाने एक तोंडात टाकली. डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, हे फार कडू आहे हो!"

"पूर्ण कडू आहे, बाळा," मर्व म्हणाला, आणि त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं.

हे मी पबमध्ये सांगत होतो. अग्निशामक दलाची समिती, क्रिकेट क्लबची समिती, शाळेची समिती, सगळे माना डोलावत ऐकत होते. कुणाला काही खटकलं नाही. म्हणून मी रेटलं, "दुसऱ्या दिवशी अख्खं मंडळ मर्वच्या दारात. लॉरी म्हणाला, नियमच चुकला आमचा, माफ कर."

कोपऱ्यातून ग्लेनिसने ग्लास आपटला.

"खोटं! साफ खोटं! मी आहे त्या मंडळावर. इथवर सगळं खरं होतं, म्हाताऱ्या, पण माफी? आम्ही?" मग तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. "का रे, तुमच्यातलं कुणी मागतं?"