न्हाय म्हणजे उत्तम

नाक आहे हे कुणालाही दिसते. ते चालते की नाही, हे मात्र मंडळाने ठरवावे लागते.

मुरुडजवळच्या एका बर्फ कारखान्यात अमोनियाची नळी फुटली आणि आवडाबाईंचे नाक गेले. (जागेवरच होते, पण गेले.) सून हेमांगीने दूध करपवले तरी त्यांना पत्ता लागेना. हेमांगीची याबद्दल तक्रार नव्हती. पण आवडाबाईंचे काम कारखान्याच्याच शीतगृहात मासळी हुंगून पास-नापास करण्याचे, आणि पास झालेली मासळी गावातल्या सगळ्या खानावळींत जाते. आपल्या नाकापायी कुणाच्या पोटात विष जायला नको म्हणून त्यांनी अर्ज केला: फरशी पुसते, पण हुंगायला बसवू नका.

तज्ज्ञ वैद्यकीय मंडळ बसले. बोलीमुळे गरिबावर अन्याय होऊ नये म्हणून एक भाषातज्ज्ञही बोलावला होता. (नाकाच्या तज्ज्ञांना सर्दी होती.) बाटल्यांना बाहेरून कागद गुंडाळला होता.

बाटली पहिली. ताजी कोळंबी. वास येतो का?

"न्हाय."

भाषातज्ज्ञांनी खुलासा केला: किनाऱ्यावर 'वास येतो' ते फक्त नासलेल्या मासळीला. ताजीला 'न्हाय' हेच बरोबर उत्तर. नाक उत्तम.

बाटली दुसरी. आठवडाभर उन्हात मुरलेला ओला बोंबील. शिपाई खिडकीपाशी गेला, अध्यक्ष व्हरांड्यात.

"न्हाय," म्हणाल्या आवडाबाई, आणि सुनेकडे वळून, "सायेब भायेर का गेलं गो?"

आता कोणती मासळीवाली आपल्या तोंडाने मासळीला वास येतो म्हणेल? नाक उत्तम, धंद्यावरची निष्ठा वाखाणण्याजोगी.

बाटली तिसरी. रिकामी. (निधी संपला होता.)

"न्हाय."

निर्विवाद.

"सायेब, मना खरंच कसलाच वास येत न्हाय," आवडाबाई हात जोडून म्हणाल्या. उत्तरातील सातत्याची मंडळाने कौतुकाने नोंद घेतली.

आता त्या पुन्हा मेजाशी बसतात. प्रत्येक मासा नाकाशी नेतात, एकवीरेचे नाव घेतात आणि पास करतात.

गेल्या रविवारी तुम्ही गावातल्या एका खानावळीत आला होतात. सुरमईची थाळी मागवलीत. पहिल्याच घासाला कुटुंबाने हळूच विचारले, "अहो, वास येतोय का हो?" तुम्ही थाळीचा दर आठवलात, ताटाकडे पाहिलेत आणि म्हणालात, "छे, नाही."

अभिनंदन. तुमचेही नाक उत्तम आहे.