विहिरीतला व्यक्तिमत्त्व विकास

हिंगोलीच्या त्या कार्यालयात सोमवारी परिपत्रक आलं आणि मंगळवारी सकाळी अकरापैकी आठ कर्मचाऱ्यांची पाठ धरली. विषय होता, 'प्रस्तरारोहण प्रशिक्षणातून कर्मचाऱ्यांचा व्यक्तिमत्त्व विकास'. कर्मचाऱ्यांच्या मनातली भीती काढून टाकणे, हा उद्देश. वास्तविक या कार्यालयात भीती अशी कुणाला नव्हतीच. लोकांचे अर्ज सहा-सहा महिने उशाला घेऊन गाढ झोपणारी माणसं ती, त्यांना आणखी निर्भय काय करणार? पण वरून आलेल्या कागदाला प्रश्न विचारायची पद्धत नाही.

उरले तिघं. साहेबांनी स्वतःचं नाव 'मार्गदर्शक' म्हणून घातलं, त्यामुळे त्यांचा चढण्याशी संबंध संपला. हैदरभाई शिपाई तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि चहा-नाश्ता शासनाकडून आहे, एवढंच वाचून त्यांनी सही केली होती. तिसरी निलम आडे. ती वडिलांच्या जागी अनुकंपावर लागलेली, आणि परिवीक्षा संपायला दोन महिने बाकी होते. परिवीक्षेतल्या माणसाची पाठ दुखत नसते.

तिचे वडील वसराम आडे याच कार्यालयात एका टेबलाशी बावीस वर्षं बसले होते. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. निलम त्यांच्याच खुर्चीवर बसत होती, त्यांचीच मोटारसायकल चालवत होती. मागच्या नंबरप्लेटवर 'वसराम आडे' हे लाल अक्षरातलं नाव तिनं अजून पुसलं नव्हतं. पुसायला वेळ मिळाला नाही, असं ती सांगायची.

प्रशिक्षक कौस्तुभ सर पुण्याहून आले. अंगात बिनबाह्यांचा टी-शर्ट आणि बोलण्यात सतत 'अंतर्मन'. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी क्षितिजावर नजर फिरवली.

"कडा कुठाय?"

"कसला कडा, सर?" हैदरभाईंनी विचारलं.

"चढायचा. उभा खडक."

हैदरभाईंनीही अदबीनं क्षितिजावर नजर फिरवली. "सर, आमच्याकडं उभं म्हणाल तर टावर हाय मोबाईलचा. बाकी समदं सपाट."

पण पुण्याचा माणूस हार मानत नसतो, तो संकल्पना बदलतो. सेनगाव-गोरेगाव रस्त्याला सोनाजीची विहीर होती. काळ्या पाषाणात फोडलेली, चाळीस फूट खोल, मे महिन्यात जवळजवळ कोरडी. सरांनी आत वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "वर जाता येत नसेल, तर आधी खाली जाऊ. स्वतःच्या तळाशी. मग तिथून वर!"

"जा की," सोनाजी म्हणाला. "पाणी होळीलाच आटलंय. बुडायची काही तकलीफ न्हाई. खुशाल विकास करा."

साहेबांनी विहिरीच्या काठावर नारळ फोडला, 'संघभावना' या विषयावर चार शब्द बोलले आणि एकटेच गाडीत बसून बैठकीला निघून गेले.

सरांनी सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत गोळा केले. बाहेरचा आवाज बंद झाल्याशिवाय आतला ऐकू येत नाही म्हणे. पिशवी त्यांनी आपल्या गाडीत ठेवली, गाडीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. सोनाजीकडे मोबाईल नव्हताच, त्यामुळे त्याचं अंतर्मन पहिल्यापासून मोकळं होतं. निलमनं चपला काढून चढायचे बूट घातले. ओढणी मध्ये येईल म्हणून घडी घालून चपलांवर ठेवली. कमरेला पट्टा, डोक्याला हेल्मेट. कडुलिंबाच्या झाडाला बांधलेल्या दोराचं टोक हैदरभाईंच्या हातात आलं.

"हैदरभाई, सोडू नका हं."

"बेटी, तुझ्या अब्बांनी माझ्या रजेचे अर्ज कधी अडवले न्हाईत. मी तुला सोडीन व्हय?"

निलम तळाला पोचली. तळाशी घोटाभर चिखल आणि एक बेडूक होता. वरून सरांचा आवाज आला, "आता दहा मिनिटं मौन! तू तुझ्या भीतीशी बोल. आम्ही इथून तुला मानसिक बळ देतो." मग सर, हैदरभाई आणि सोनाजी विहिरीभोवती हात जोडून, मान खाली घालून, डोळे मिटून उभे राहिले. हैदरभाईंनी जोडलेल्या हातांत दोर धरला होता.

नेमका त्याच वेळी निलमच्या तांड्यावरचा ग्यानबा रस्त्यानं चालला होता. त्याला आधी वसरामभाऊची मोटारसायकल दिसली. मग विहिरीच्या काठावर बाईच्या चपला दिसल्या, चपलांवर ओढणीची घडी, आणि भोवती हात जोडलेली तीन माणसं. एकाच्या हातात आत सोडलेला दोर. चपला आणि ओढणी विहिरीच्या काठावर कधी असतात, हे या भागात लेकरालाही सांगावं लागत नाही.

ग्यानबा हळूहळू जवळ आला. "हैदरभाई... वसरामभाऊची निलम का?"

हैदरभाईंनी डोळे उघडले. सरांनी ओठांवर बोट ठेवलं. मौन मोडायचं नव्हतं, म्हणून हैदरभाईंनी नुसती जड मान हलवली.

ग्यानबानं टोपी काढली. विहिरीत डोकावण्याची त्याची हिंमत झाली नाही. तो उलट्या पावली रस्त्यावर गेला आणि त्यानं निलमचे काका देविदास यांना फोन लावला. अशी बातमी फोनवर सांगत नसतात. म्हणून त्यानंही रीतीप्रमाणेच सांगितलं, "निलमची तब्येत जरा बरी न्हाई. सोनाजीच्या विहिरीवर या. वयनीला घेऊन या." देविदासनीही रीतीप्रमाणे पुढं काही विचारलं नाही. तब्येत बरी नाही, आणि दवाखान्याऐवजी विहिरीवर या, यात विचारण्यासारखं काही राहतच नाही.

इकडे मौन संपलं आणि चढाई सुरू झाली. निलम सहा फूट चढली आणि घसरली. आठ फूट चढली, पुन्हा चिखलात.

"हैदरभाई, ओढा ना वर!"

"ओढायचं नाही!" सर वरून ओरडले. "बाहेरची मदत म्हणजे विकासाला खीळ! थांब, मीच येतो प्रेरणा द्यायला." आणि ते दुसऱ्या दोरानं झपकन खाली उतरले. उतरले ते खरोखर सुंदर. पण उतरताना त्यांचा दोर कपारीतल्या टोकदार दगडावर घासून तुटला आणि त्यांच्यामागोमाग खाली येऊन चिखलात पडला.

सरांनी दोराकडे पाहिलं. मग वर पाहिलं. मग बेडकाकडे पाहिलं.

"असं पूर्वी कधी झालं नव्हतं," ते म्हणाले.

"विहीर बी पहिल्यांदाच असंल," निलम म्हणाली.

एवढ्यात वरून गलका ऐकू आला. ग्यानबाकडून बातमी ऐकून आजूबाजूच्या शेतांतल्या आखाड्यांवरची माणसं धावत आली होती. हैदरभाई समजावत होते, पण गलक्यात त्यांचं ऐकतो कोण? कुणी बाज आणली होती, कुणी विहिरीत पडलेली बादली काढायचा लोखंडी गळ. एका म्हातारीनं काठावर बसकण मारून सूर लावला, "अगं माझे बाई, बापामागं चालली गंऽऽ!"

निलमनं मान वर केली. "मावशे, मी जिती हाय!"

सूर क्षणभर थांबला. "आवाज येऊन राहिला! जीव हाय अजून!" म्हातारी ओरडली आणि दुप्पट जोरानं रडू लागली.

"काहून रडून राहिलात? मी टरेनिंगला आलेय!"

"डोक्याला मार बसलाय," कुणीतरी शांतपणे निदान केलं. गळ खाली सुटला, डोलत डोलत आला आणि कौस्तुभ सरांच्या टी-शर्टात अडकला. वरच्यांनी जोर लावला. सर वीतभर उचलले गेले, टी-शर्ट फाटला आणि सर परत आपल्या तळाशी आले.

मग ग्यानबाचं डोकं काठावरून दिसलं. निलमला धडधडीत बोलताना पाहून त्याचा चेहरा पडला. "निलम, तू... बरी हायस?"

"बरी हाय. का?"

"न्हाई, म्हंजे... देविदासभाऊला फोन झाला माझा. याडीला जीपमंदी घालून येऊन राहिले ते."

वडील गेले तेव्हाही याडीला, निलमच्या आईला, असंच सांगितलं होतं, तब्येत बरी नाही म्हणून. तेव्हापासून ती तांड्याबाहेर पडली नव्हती. पहिलं वर्ष रिवाज म्हणून, पुढचे सहा महिने कुणी बाहेर काढलं नाही म्हणून. रक्तदाबाची गोळी निलमच्या हातून घ्यायची, दारात बसायची आणि निलमची गाडी दिसली की आत जायची. तेच वाक्य तिनं आज पुन्हा ऐकलं होतं. जीप पोचेपर्यंत तिचं काय होईल, हे निलमला डोळ्यांपुढे आणवेना.

"ग्यानबाकाका, फोन लावा! म्हणावं, जिती हाय!"

"लावला ना. दहा बार लावला. उचलंना." ग्यानबा ओशाळून म्हणाला. "अशा वाटंला कोन फोन उचलतं? उचलला तर शेजारी बसलेल्या बाईला काय सांगावं?"

"मग याडीला लावा! नंबर माझ्या मोबाईलात हाय, पिशवीत!"

"पिशवी गाडीत," हैदरभाई म्हणाले. "अन् किल्ली..."

सगळ्यांच्या नजरा विहिरीच्या तळाशी गेल्या. सरांनी तत्परतेनं किल्ली काढली आणि नेम धरून वर फेकली. ती वीस फूट वर गेली, थोडी रेंगाळली आणि खाली येऊन चिखलात दिसेनाशी झाली. बेडकानंही जागा सोडली.

"शांत राहा," सर म्हणाले. "श्वासावर लक्ष—"

निलम तोवर भिंतीला भिडली होती. पाय कुठं ठेवायचा, वजन कसं टाकायचं, सकाळचं दोन तासांचं व्याख्यान सगळं डोक्यातून गेलं होतं. जिथं खाच सापडेल तिथं बोटं, जिथं टेकेल तिथं गुडघा. एकदा कोपर सोलवटलं, एकदा हेल्मेट डोळ्यांवर आलं. हैदरभाई दोराचा ढील घेत वरून ओरडत होते, "बराबर हाय बेटी, बराबर! डावीकडं कपार हाय!"

"व्वा! हाच तो आत्मविश्वास!" खालून सर ओरडले. "आता काय वाटतंय, सांग!"

"सर, गप बसा!"

काठावर हात टेकला आणि रस्त्यावर जीप थांबली. जीपमधून आधी देविदासकाका उतरले, मग चार बायका, एका बाईच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. घरात आज चूल पेटणार नाही, हे गृहीत धरून भावकी निघताना तयारीनं निघाली होती. सगळ्यांत शेवटी निलमची याडी, मिराबाई उतरल्या.

निलम चिखलानं माखलेली, ते विचित्र चढायचे बूट घालून धावली. "याडी! मला कायबी झालं न्हाई! तू बस आधी. गोळी घेतलीस का? पाणी द्या रे कुणी!"

मिराबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. सोलवटलेलं कोपर उलटंसुलटं करून पाहिलं.

"दिसतंय मला. आंधळी न्हाई अजून."

"तुला वाटलं असंल..."

"काय वाटतंय? तुझा बाप गेला, तवा तिसऱ्या दिशी तू त्याच्या सर्विसचे कागद गोळा करून राहिली व्हतीस. झेराक्सच्या तीन-तीन परती काढून. असं मानूस हिरीत उडी मारतंय व्हय? मारली असती तर आधी अर्ज दिला असतास."

हैदरभाईंनी तोंड फिरवून खोकल्याचं सोंग केलं. देविदासकाका गोंधळले. "वयनी, तुमाला माहीत व्हतं, तर जीपमंदी बोलल्या काहून न्हाईत? मी सारी वाट रडून राहिलो की!"

"बोलले असते तर तुमी जीप माघारी वळवली असती, भाऊजी."

मिराबाई विहिरीच्या काठावर जाऊन उभ्या राहिल्या. आत वाकून त्यांनी चिखलात किल्ली शोधणाऱ्या, फाटक्या टी-शर्टातल्या कौस्तुभ सरांना निरखलं. "ह्यो कोन?"

"भीती घालवाया आलेत, पुण्याहून," सोनाजी म्हणाला.

"बरं. बाज सोडा त्यांच्यासाठी. अन् भाकरी आणल्यात, त्या वाया घालवू नका. त्यांना बी द्या, उपाशी दिसतेत."

म्हणून सर दोर बांधलेल्या बाजेवर बसून वर आले आणि लिंबाखाली बसून त्यांनी निलमच्या मरणाची भाकरी खाल्ली. चांगली होती म्हणाले. प्रमाणपत्रावर त्यांनी निलमची श्रेणी 'उत्कृष्ट' लिहिली आणि 'प्रेरणास्रोत' या रकान्यात स्वतःचं नाव घातलं.

परत निघताना मिराबाई जीपमध्ये पुढच्या सीटवर, खिडकीशी बसल्या. बायका मागे दाटीवाटीनं बसल्या. निलमनं खिडकीतून आत वाकून पुन्हा एकदा गोळीचं विचारलं. मिराबाईंनी तिच्या गालावरचा चिखल पदरानं पुसला आणि आवाज खाली घेतला.

"पुढच्या बारीला हिंगोलीत मर," त्या म्हणाल्या. "मला डोळे तपासायचे हायत."