कापू नका

"तपासनीस येवोत नाहीतर त्यांचे तीर्थरूप येवोत, आपलं हलालचं प्रमाणपत्र कुठं जात नाही!" कोंबडीवाल्या तिखटमामांनी सकाळीच छाती ठोकली.

तपासनीस मात्र येणारच नव्हते. साथीनं सगळं जग घरात कोंडलेलं, म्हणून तपासणी व्हिडिओ कॉलवर होणार होती. प्रमाणपत्राची मुदत आज संपत होती. ते हुकलं, की उद्यापासून साथीच्या रुग्णालयात मामांची कोंबडी बंद, आणि हलालशिवाय मांसाला हात न लावणाऱ्या आजाऱ्यांच्या ताटात नुसते उकडलेले बटाटे.

फोन मामींनी धरला. मामांचा पारा सूर्याच्या आधीच चढलेला. आधी ते फोनवर चिडले, मग चष्म्यावर वाफ आणणाऱ्या मास्कवर, मग चिडू नका म्हणणाऱ्या मामींवर. तपासनिसांनी बजावलं, की प्रत्येक कोंबडीवर घेतलेलं अल्लाहचं नाव आपल्याला ऐकू आलं पाहिजे. मामांनी सुरी उचलली, नाव घेतलं, आणि नेमका फोन खरखरला, "...कापू नका!"

सुरी हवेतच राहिली. हातातल्या कोंबडीनंही मान वळवून पाहिलं.

"का नको?" मामा तेलातल्या मोहरीसारखे तडतडले. "मास्कातून घेतलेलं नाव वर पोचत नाही होय? त्याला काय रेंज लागते?"

आणि त्यांनी फोनच कापला. रागाला कान नसतात मंडळी, नुसतं तोंड असतं. तेवढ्यानंही जीव निवेना, म्हणून त्यांनी रुग्णालयाच्या आचाऱ्याला ऐकवलं, की उद्या कोंबडी विसरा, बटाटे सोलायला घ्या. मामी म्हणाल्या, साहेबांना एकदा विचारून तरी बघा. मामा म्हणाले, मेलो तरी नाही.

बऱ्याच वेळानं मामींच्या हातातला फोन पुन्हा वाजला. तपासनिसांचा आवाज आता खणखणीत होता.

"अहो मामी, मी सांगत होतो, फोन कापू नका. नाव स्पष्ट ऐकू आलं. फक्त सुरीची धार बघायची राहिलीय."

मामींनी मामांकडे नुसतं बघितलं. धार कशाला म्हणतात ते मामांना तिथंच कळलं. त्यांनी मुकाट्यानं सुरी पुढे केली.

संध्याकाळी प्रमाणपत्र आलं. आचाऱ्याला ते कळवताना मामांचा आवाज साखरेत घोळलेला होता. पण आता चिडायची पाळी आचाऱ्याची होती.

"पोतंभर बटाटे सोलून बसलोय, मामा. त्यांचं काय करू? तुमच्या प्रमाणपत्रात गुंडाळू?"

दुसऱ्या दिवशी कोंबडी वेळेवर गेली, आजारी पोटभर जेवले, मामांना दुवाही मिळाली. परतीच्या गाडीतून पोतं आलं.

तिखटमामा आठवडाभर बटाटे खात होते. मामी वाढत होत्या, नुसते उकडून. बिनतिखटाचे.